गळाची काठी गाडीवर नेताना

पावसाळा ओसरू लागला, वाघाडीचे गढूळ पाणी निवळले आणि आसपासचे तलाव-बंधारे भरले, की घाटंजीच्या रस्त्यांवर सुटीच्या दिवशी सकाळी एक दृश्य हमखास दिसते. मोटारसायकलवर दोघे जण, मागे बसलेल्याच्या खांद्यावर दहा-बारा फुटांची बांबूची काठी, काठीला गुंडाळलेली तंगूस आणि तिच्या टोकाला लोंबकळणारा गळ. कोणी वाघाडीच्या डोहावर निघालेला असतो, कोणी पार पैनगंगेपर्यंत. मासे धरण्याचा छंद चांगलाच आहे. मोकळी हवा मिळते, मन शांत होते आणि घरी ताजी मासळी येते. (तलाव मच्छीमार संस्थेकडे असेल तर तिची परवानगी घ्यावी, एवढेच.) मग आरोग्याच्या सदरात या काठीची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. ती अशासाठी की, या काठीने होणारी इजा बहुधा काठी नेणाऱ्याला होत नाही. ती होते मागून येणाऱ्याला, शेजारून जाणाऱ्याला, नाही तर जीपमध्ये समोर बसलेल्या लेकराला. आणि तीही बहुतेक वेळा डोळ्याला, मानेला किंवा पोटाला.

जे काठीचे तेच इतर लांब सामानाचे. आपल्या भागात तुषार सिंचनाचे वीस फुटी पाईप मोटारसायकलला आडवे-तिरपे बांधून शेतावर नेले जातात. घरबांधणीच्या सळया मूळच्या चाळीस फुटी. त्या दुमडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकल्या तरी मागे रस्त्याला घासत जातात. गणपती आणि दुर्गादेवीच्या दिवसांत मंडपाचे बांबू, उन्हाळ्यात पऱ्हाटीने भरलेल्या बंड्या. गळाची काठी या सर्वांत हलकी आणि निरुपद्रवी वाटते, म्हणूनच तिच्या बाबतीत सर्वांत जास्त हयगय होते. शिवाय इतर कोणत्याही सामानाला गळ लावलेला नसतो.

मागच्याला काठी दिसत का नाही?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर पुढचे सगळे आपोआप कळते. एक लांब काठी आडवी धरा. ती पन्नास पावलांवरूनही दिसेल. आता तीच काठी टोक आपल्या डोळ्याकडे येईल अशी कोणाला तरी धरायला सांगा. (पुरेशा अंतरावरून, अर्थात!) बारा फुटांची काठी नाहीशी होते आणि उरतो फक्त एक ठिपका. तो ठिपका हातभर अंतरावर आहे की दहा हात, हे डोळ्याला सांगता येत नाही, कारण अंतर ओळखायला लागणारी लांबीच लपलेली असते. गाडीमागे बाहेर आलेली काठी मागच्या स्वाराला नेमकी अशीच, टोकाकडून दिसते. त्याची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर असते. तो आपले अंतर त्या दिव्यापासून मोजतो; काठीचे टोक मात्र दिव्याच्या पाच फूट अलीकडे, त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर असते. तिन्हीसांजेला किंवा धुक्यात तर तो ठिपकाही दिसत नाही.

त्यात वेगाची भर पडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट पुढे जाते. पुढच्याने ब्रेक लावला हे मागच्याच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एवढा वेळ जातोच. समोरून गुरांचा कळप आला, खड्डा आला, की पुढचा थांबतो आणि मागचा सरळ टोकावर जातो.

वळणावर आणखी एक गंमत होते, पण ती जिवावर बेतणारी. गाडी डावीकडे वळली की मागचे टोक उजवीकडे फिरते. मागच्या चाकापासून पाच फूट मागे गेलेले टोक, गाडी तीस अंशांत वळली तर सुमारे अडीच फूट बाजूला झाडल्यासारखे जाते. शेजारून ओव्हरटेक करणाऱ्याच्या तोंडासमोर ते अचानक येते, आणि पुढे बघून गाडी चालवणाऱ्याला आपल्या पाठीमागे काय झाले याचा पत्ताही लागत नाही.

आता टोकाचा विचार करू. आपण तळहाताने एखाद्याला दहा किलो जोराने ढकलले तर तो फार तर एक पाऊल मागे सरकेल, कारण तो जोर हाताच्या शंभरेक चौरस सेंटिमीटरवर विभागला जातो. तोच दहा किलोचा जोर पाच मिलिमीटर जाडीच्या शेंड्यावर आला, तर त्याला जागा मिळते चौरस सेंटिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. म्हणजे दाब पाचशे पटींनी वाढला. सुई कापडात जाते ती याच नियमाने. डोळ्याचे बुबुळ मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यापुढे बांबूचा शेंडा म्हणजे सुईच.

कायदा काय म्हणतो?

पूर्वी मागे लाल फडके बांधले की काम भागते, अशी समजूत होती. तिला थोडा आधारही होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मालवाहू गाडीच्या मागे मीटरभर माल बाहेर ठेवण्याची सवलत होती. अशा सळयांमुळे देशभर माणसे मरू लागल्यावर २०१४ साली ही सवलत काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ (१अ) आले. त्यानुसार बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर माल काढून वाहन चालविणाऱ्यास वीस हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्चही त्याच्याच माथी. तेव्हा लाल फडके म्हणजे परवाना नव्हे. शेतातल्या शेतात, किंवा अगदीच नाइलाजाने थोडे अंतर न्यायचे झाल्यास फडके आणि रात्री लाल चकाकणारी पट्टी अवश्य लावावी, पण ते बांधले म्हणून निर्धास्त होऊ नये. टोकाकडून फडकेही बोटभरच दिसते.

मग न्यायची कशी?

सर्वांत चांगला उपाय म्हणजे लांब काठी न्यायचीच नाही. हे ऐकून कोणी हसेल, पण विचार करून पाहावा. आपली काठी बांबूची, फार पैशांची नाही. ज्या डोहावर नेहमी जाणे होते, तेथे एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या कोठ्यात किंवा झोपडीत काठी ठेवून द्यावी आणि घरून फक्त तंगूस व गळांची डबी न्यावी. गावोगावचे जुने मासेमार हेच करतात. रोज काठी वाहून नेणारा त्यांच्यात सहसा दिसत नाही.

ते जमत नसेल तर काठीचे दोन तुकडे करावेत. मधोमध कापून, जोडावर बसेल अशा लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पाईपचा वीतभर तुकडा घालावा. पाण्यावर पोचल्यावर काठी जोडायची. दहा फुटांच्या काठीचे पाच-पाच फुटांचे दोन भाग होतात आणि साडेसहा फूट लांबीच्या मोटारसायकलला ते बाजूने, मागे-पुढे बाहेर न येता बांधता येतात. बाजारात एकात एक सरकणाऱ्या फायबरच्या काठ्याही मिळतात. त्या मिटल्यावर तीन-चार फुटांच्या राहतात. त्या नेताना मिटवूनच न्याव्यात. पुष्कळ जण आळसाने अर्धवट उघडी काठी तशीच गाडीला लावतात, हे बरे नव्हे.

मोटारसायकलवर काठी बांधताना ती दोन ठिकाणी बांधावी. एकाच ठिकाणी बांधलेली काठी त्या गाठीभोवती फिरते, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तिचे टोक सुटत जाते. सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी सुतळीपेक्षा चांगली, कारण ती ताणून बसते आणि हादऱ्याने सैल होत नाही. काठी सायलेन्सरला, चाकाच्या आऱ्यांना आणि हँडलला लागता कामा नये. चाकात काठी अडकली तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मागे बसलेल्याने काठी खांद्यावर आडवी धरणे सर्वांत वाईट. ती समोरून येणाऱ्याला अडते, आणि एखाद्या खांबाला वा झाडाला अडकली तर धरणाऱ्यालाच गाडीवरून खाली ओढते. उभी धरणे हाही उपाय नव्हे. त्याचे कारण पुढे येईलच.

मोटारीतून नेताना काठी खिडकीतून बाहेर काढू नये. आतल्या आत, डाव्या बाजूने, जमिनीलगत ठेवावी आणि सीटच्या पायाशी बांधावी. जाड बूड पुढे आणि शेंडा मागे असावा. गाडी एकदम थांबली की आतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. अशा वेळी पुढे जायचेच असेल तर ते बूड जाऊ द्यावे, शेंडा नव्हे. मात्र मागच्या सीटवर कोणी बसणार असेल तर शेंडा त्यांच्या पायांच्या खाली, सीटखालून गेलेला असावा. पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डवर काठी टेकवण्याची सवय नव्या गाड्यांत फारच घातक आहे. तेथे आत हवेची पिशवी असते. अपघाताच्या क्षणी ती स्फोटासारखी फुगते आणि वर टेकवलेली वस्तू थेट बसणाऱ्याच्या तोंडावर फेकते. टपावर कॅरियर असल्यास काठ्यांची जुडी करून, फडक्यात गुंडाळून, दोन्ही आडव्या पट्ट्यांना बांधावी.

काळीपिवळीत किंवा एसटीत गर्दी असते. तेथे काठी दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभी करू नये. ब्रेक लागला की ती कोणाच्या तरी अंगावर जाते. दुमडलेली काठी सीटखाली, शेंड्यावर कापडाचा बोळा बांधून. शेंड्यासाठी जुन्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा चेंडूला भोक पाडून केलेले बोंडकेही चालते. टोक बोथट झाले की आपण वर पाहिलेला पाचशे पट दाब आपसूकच कमी होतो.

गळाचे मात्र स्वतंत्र सांगायला हवे. गाडीवर बसण्याआधी गळ तंगुशीपासून सोडवून झाकणाच्या डबीत टाकावा. सोडवणे शक्य नसेल तर बुचात किंवा थर्माकोलच्या तुकड्यात रुतवून, वर चिकटपट्टी लावून काठीला बांधावा. लोंबणारा गळ वाऱ्याने हेलकावतो. शेजारून जाणाऱ्या मुलीच्या ओढणीत, कोणाच्या कानात, पापणीत तो अडकला आणि दोन्ही गाड्या वेगवेगळ्या दिशांनी गेल्या, तर काय होईल हे सांगायला नको.

वरच्या तारा

उभी काठी का धरू नये ते आता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा टेम्पोच्या फाळक्यावर उभे राहून कोणी बारा फुटांची काठी उभी धरली, तर तिचे टोक जमिनीपासून वीस फुटांवर सहज जाते. शेतातून जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या लोंबत्या तारा काही ठिकाणी याहून फार वर नसतात. ओला बांबू विजेला वाट देतो. हल्लीच्या काळ्या कार्बनच्या काठ्या तर कोरड्या असतानाही वीज वाहून नेतात. विकत घेताना हे फार थोड्यांना सांगितले जाते. उच्च दाबाच्या तारेला टोक लागावेच लागते असेही नाही, फार जवळ गेले तरी ठिणगी उडी घेते. म्हणून पाण्यावर पोचल्यावरही काठी जोडण्याआधी एकदा मान वर करून पाहावे. कोणाला धक्का बसलाच तर त्याला किंवा काठीला हात न लावता, दूर राहून, प्रथम वीज बंद करवावी. हजारो व्होल्टच्या तारेपुढे घरगुती कोरडे लाकूड किंवा चप्पल कामाची नाही.

इजा झाल्यास

प्रथम डोळा. बांबूचा शेंडा, पऱ्हाटीची काडी किंवा पान डोळ्याला नुसते घासून गेले, तर बुबुळावर ओरखडा उठतो. डोळा चुरचुरतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. साधा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरूनही येतो. पण झाडाच्या वस्तूने झालेल्या ओरखड्यात एक विशेष धोका असतो, आणि आपल्या शेतकरी भागात तो प्रत्येकाने ध्यानात ठेवला पाहिजे. काडीकचऱ्यावर बुरशीचे बीज असते. ओरखड्यातून ते बुबुळात शिरते आणि हळूहळू वाढते. पहिले दोन-तीन दिवस बरे वाटते, माणूस कामाला लागतो, आणि पाच-सात दिवसांनी डोळा पुन्हा लाल होतो, ठणकतो, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. बुरशीची ही जखम बरी व्हायला आठवडे लागतात, आणि उशीर झाला तर पांढरा डाग (फूल) कायमचा राहतो किंवा डोळा जातो.

अशा डोळ्यात घरचे तूप, एरंडेल, मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध यांपैकी काहीही घालू नये. आणि औषधाच्या दुकानातून कोणी तरी दिलेले, नाही तर गेल्या वर्षी डोळे आले तेव्हाचे उरलेले थेंब तर मुळीच नाहीत. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि ठणका एका दिवसात कमी होतो, रोगी खूश होतो, आणि खाली बुरशीला मोकळे रान मिळते. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘डोळ्याला काहीतरी लागले’ एवढेच न सांगता ‘बांबू लागला’ किंवा ‘पऱ्हाटी लागली’ असे स्पष्ट सांगावे. त्या एका शब्दावर औषध बदलते.

टोक डोळ्यात रुतले असेल, डोळ्यातून पाणी किंवा काळसर काही बाहेर आल्यासारखे दिसत असेल, बाहुली वेडीवाकडी झाली असेल किंवा दृष्टी एकदम गेली असेल, तर डोळा फुटला आहे असे समजून वागावे. अशा डोळ्यावर पाणी मारू नये, चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये. कागदी पेल्याचा तळ किंवा स्वच्छ छोटी वाटी डोळ्याच्या भोवतालच्या हाडांवर टेकवून, डोळ्याला स्पर्श होणार नाही अशी चिकटपट्टीने बसवावी. रुतलेली काडी असेल तर ती तशीच ठेवून. रोग्याला चहापाणीही देऊ नये, कारण भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असतो. घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार घेऊन, वेळ न दवडता यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात न्यावे. ‘सकाळी पाहू’ असे म्हणू नये. फाटलेला डोळा शिवायचा तो शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. जितका लवकर तितका जंतुदोषाचा धोका कमी.

दुसरी इजा काठी किंवा सळई शरीरात घुसण्याची. येथे घाबरून लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ती उपसून काढणे, आणि तीच जीव घेते. आत घुसलेली वस्तू फाटलेल्या रक्तवाहिनीला बुचासारखी बंद करून बसलेली असते. ती उपसली की आतल्या आत रक्त वाहू लागते आणि ते थांबवणे रस्त्यावर कोणालाही शक्य नसते. म्हणून वस्तू आहे तेथेच ठेवावी. दोन्ही बाजूंना कापडाच्या जाड गुंडाळ्या लावून ती हलणार नाही अशी बांधावी. रक्त येत असेल तर वस्तूवर नव्हे, तिच्या कडेने दाबावे. काठी लांब असल्यामुळे रोग्याला गाडीत घेता येत नसेल, तरच बाहेरचा भाग करवतीने कापावा, आणि कापताना अंगाजवळचा भाग एकाने दोन्ही हातांनी घट्ट धरावा, म्हणजे हादरा आत जात नाही. कुऱ्हाडीचा घाव घालू नये. रोग्याला खायला-प्यायला काही देऊ नये. छातीच्या उघड्या जखमेवर हवाबंद पट्टी बांधू नये.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट मिळते. फोन करताना ‘अंगात सळई घुसली आहे’ हे आधीच सांगावे. पोलिसांच्या भानगडीत अडकू म्हणून पुष्कळ जण थांबत नाहीत. ती भीती आता ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर आणि २०१९ साली कायद्यात आलेल्या कलम १३४-अ नुसार, अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा वा खटला चालत नाही, आणि त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्तीही नाही.

राहिला गळ. बोटात रुतलेला गळ आला तसा मागे ओढला तर त्याचा उलटा काटा मांस फाडत येतो. तंगूस कापून टाकावी, गळ तसाच ठेवून दवाखान्यात जावे. जागा बधिर करून तो पाच मिनिटांत निघतो. पापणीत किंवा डोळ्यात असेल तर हात लावायचाच नाही, वर सांगितल्याप्रमाणे वाटीचे झाकण. गळाला चिखल, गांडूळ, माशाचे रक्त लागलेले असते. म्हणून जखम लहान दिसली तरी साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची शेवटची लस पाच वर्षांपूर्वीची असेल, किंवा कधी घेतली हेच आठवत नसेल, तर त्याच दिवशी घ्यावी. पुढचे दोन-तीन दिवस बोट सुजते का, लाल रेघ हातावर वर चढते का, ताप येतो का हे पाहावे; तसे झाल्यास पुन्हा दवाखान्यात जाऊन ही जखम तलावाच्या पाण्यात झाली होती, हे डॉक्टरांना सांगावे. मधुमेही व्यक्तीने तर ही चिन्हे दिसण्याची वाटही पाहू नये.